सुकलेलं काडतूस शीळ घालतं

"मने, तुझ्या त्या घाटातल्या बायेक सांग, आमसुला कमी पडली."

आबा हे मांजरीला म्हणाले. ते खळ्यात, म्हणजे अंगणात, पाटावर बसले होते, पुढ्यात पाण्याचं घमेलं होतं आणि घमेल्यात पितळी काडतुसं बुडाली होती. मी चार हात लांब पडवीच्या खांबाला टेकून उभी होते. आबा म्हणजे माझे सासरे, लवू धुरी. मनी म्हणजे घरातली काळीपांढरी मांजर. आणि घाटातली बाय म्हणजे मीच. मनीला आमसुलं आणता येत नसल्यामुळे मी आत गेले, मूठभर आणली आणि घमेल्याच्या कडेला ठेवली.

"मने, बरा झाला म्हणान सांग तिका."

लग्न होऊन वर्ष व्हायला आलं होतं. एवढ्या दिवसांत सासरे माझ्याशी सरळ एक अक्षर बोलले नव्हते. कढीत मीठ जास्त झालं तरी मनीला सांगणार, गाईला पाणी दाखवायचं असलं तरी मनीला सांगणार. आधी मला गंमत वाटायची. मग वाईट वाटायला लागलं. कारण मी काही बोलले तर ते ऐकल्यासारखंच करत नसत. एकदा मी जेवताना विचारलं, "आबा, अजून भात वाढू का?" तर त्यांनी ताटात हात धुतले. एकदा पाय धरून नमस्कार केला आणि म्हटलं, "आबा, माहेरी जाऊन येते." ते मनीला म्हणाले, "पावस येतलोसो दिसता."

मी तासगावची. हे, म्हणजे सूर्यकांत, एसटीच्या कामासाठी आमच्याकडं आले होते, माझ्या मामाच्या घरी भाड्यानं राहिले, आणि पुढं जे व्हायचं ते झालं. आबांना वेंगुर्ल्याकडची मुलगी हवी होती असं लग्नानंतर कानावर आलं, आणि मी मनाशी पक्कं केलं, की म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मी सलतेय. आईनं पाठवताना बजावलं होतं, "सासऱ्यापुढं दात दिसता कामा नयेत. पदर नाकाखाली यायचा नाही." या वाडीत इतका पदर कुणीच घेत नव्हतं, बायका सासऱ्याशी खुशाल भांडत होत्या. पण मी आईचं ऐकलं. आबा समोर आले की पदराचा काठ दातात धरायचा आणि मान खाली घालायची. एवढं करूनही माणूस मांजराशीच बोलत होता.

त्या दिवशी सातेरीची जत्रा होती. आमच्या घराण्याला बंदुकीच्या बाराचा मान. पालखी देवळातून बाहेर पाऊल टाकते तेव्हा धुऱ्यांच्या बंदुकीचा बार व्हायला पाहिजे. नुसती दारू आणि वर काथ्याचा बोळा, छरा नाही, बाकी काही नाही. पण तो बार वाजला की देवीनं गावाचं वर्ष पदरात घेतलं असं समजायचं. आणि तो विकतच्या काडतुसाचा चालत नाही. आबांच्या आजोबांनी आणलेली पितळी काडतुसंच दरवर्षी धुऊन, सुकवून, पुन्हा भरायची. धुवायची ती जत्रेच्या सकाळी, देवळाच्या विहिरीच्या पाण्यानं. आदल्या दिवशीचं पाणी देवीला चालत नाही, आणि बाईचा हात काडतुसाला चालत नाही.

गेल्या दोन जत्रांत पहिला बार फुसकला होता. नुसता धूर, आणि म्हशीनं सुस्कारा सोडावा तसा आवाज. पहिल्या वर्षी लोक हसले, दुसऱ्या वर्षी हसले नाहीत. गावकरांनी, म्हणजे गावच्या पहिल्या मानकऱ्यांनी, आबांना बोलावून सांगितलं होतं, की यंदा फुसकला तर पुढचा मान बाबल परबाकडं. बाबल परबाकडं बेळगावहून आणलेली नवी बंदूक होती, आणि पितळ नसलं तर नसलं, देवी काळाप्रमाणं चालते असं त्याचं म्हणणं होतं. सकाळी नैवेद्याचं सामान घेऊन देवळात जाताना सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, "ह्या वर्षी फुसकलो तर ह्यो माणूस अंथरूण धरतलो गो." हे मंडप बांधायला पहाटेच गेले होते. घरी आबा, मनी आणि मी.

एरवी हे काडतुसांचं काम मांगरात चालायचं, गोठ्यापलीकडच्या त्या खोपटात, दार लावून. पण दोन दिवसांपूर्वी कपिला तिथं व्यायली होती आणि वासराजवळ ती कुणाला फिरकू देत नव्हती. खुद्द आबांनासुद्धा तिनं शिंग दाखवलं. म्हणून यंदा घमेलं खळ्यात आलं, आणि मला पहिल्यांदा ते काम बघायला मिळालं.

आबांनी एकेक काडतूस आमसुलानं चोळलं, मग राखेनं, मग तीनतीनदा धुतलं. काळंमिचकूट पितळ पिवळंधमक दिसायला लागलं. समया घासाव्यात तसंच काम, आणि मला खरं सांगायचं तर हात शिवशिवत होते. मग त्यांनी ती उन्हात घोंगडीवर मांडली आणि विडी पेटवून मनीची शाळा घेतली.

"आयक मने. आमचो आजो काय सांगी? उन्हाचो विश्वास धरूचो नाय. हाताचो धरूचो नाय. हात सांगता सुकला, आणि बुडाच्या भोकात पाण्याचो थेंब बसलेलो आसता. तो थेंब दारूक भिजवता आणि बार फुसकता. मगे काय करूचा? फुकायचा! तोंड लावायचा आणि फुकायचा. सुकलेला काडतूस शीळ घालता. ओला असात तर बुडबुडता. काडतूस खोटा बोलना नाय."

मनी घोंगडीच्या कोपऱ्यावर पाय पसरून झोपली होती. तिचं पोट टम्म होतं, कारण सकाळी मी तिला गुपचूप वाटीभर दूध घातलं होतं. घरात माझ्याशी सरळ वागणारं तेवढं एकच माणूस होतं ते.

उन्हं वर आली तशी आबांनी दोन सुपं पुढ्यात घेतली. एक सुक्या काडतुसांचं, एक ओल्यांचं. पहिलं काडतूस उचललं, ओठाला लावलं, फुंकलं. ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढली की बुडाला बारीक भोक उरतं, त्यातून वारा निघाला आणि शीळ आली, अगदी बुलबुलासारखी. मला इतकी आवडली की मी पदराआड हसले.

आबांनी ते ओल्यांच्या सुपात टाकलं.

मी म्हटलं, चुकून पडलं असेल. दुसरं त्यांनी फुंकलं. बुड-बुड-बुड. कुणी हुक्का ओढावा तसा आवाज. आबांनी थोडं थांबून मनीकडं पाहिलं. मनी ढाराढूर. ते काडतूस त्यांनी हातात फिरवलं, उन्हात धरलं, आणि सुक्यांच्या सुपात ठेवलं.

तिसरं बुडबुडलं, तेही सुक्यांत. चौथ्यानं शीळ घातली, तेही सुक्यांत. प्रत्येक वेळी फुंकायचे, मनीकडं बघायचे, कपाळाला आठी घालायचे आणि कुठल्यातरी सुपात टाकायचे. मला काही उमगेना. आत्ताच तर या माणसानं मांजराला सगळा धडा शिकवला होता, आणि स्वतःच उलटं करत होता!

"आबा, ते ओलं आहे," मी पदरातून म्हटलं.

उत्तर नाही. पुढचं काडतूस ओठाला.

"आबा, बुडबुडलं ते."

काही नाही. मला राग आला. म्हटलं, बार फुसकला तरी चालेल, पण सुनेचं ऐकायचं नाही, असा कसला मेला ताठा! रागारागानं वळले तर पडवीतल्या चुलीजवळच्या तपेल्याचं झाकण कोपराला लागलं आणि पायरीवरून खणखणत खळ्यात गेलं. तो आवाज नक्की देवळापर्यंत पोचला असेल.

मनी हातभर उडाली आणि शेपूट फुलवून तुळशीमागं पळाली. आबांनी उडालेल्या मनीकडं पाहिलं. ती का उडाली ते त्यांना कळेना. मग ती ज्या बाजूकडं डोळे वटारून बघत होती, त्या बाजूला ते सावकाश वळले, आणि तेव्हा कुठं त्यांना मी दिसले, आणि पायाशी गिरक्या घेणारं झाकण दिसलं.

मी तिथंच मटकन पायरीवर बसले.

आबांना ऐकू येत नव्हतं. वर्षभर मी जे जे पदरात पुटपुटले ते त्यांना कधी पोचलंच नव्हतं. भात वाढू का, माहेरी जाऊन येते, औषध घेतलं का, सगळं पदराच्या काठातच अडकून राहिलं होतं. सासूबाई बोलताना त्यांच्या समोर उभ्या राहून बाही ओढायच्या, सूर्यकांत आबांशी मोठ्यानं तोंड वासून बोलायचे, ते मला आत्ता आठवलं. आणि मांजर! मांजराशी ते बोलत होते कारण मांजराला उत्तर द्यावं लागत नाही. एवढंच नाही, मांजर त्यांचे कान होती. शीळ झाली की मनीचे कान टवकारायचे, ते बघून ते ठरवायचे सुकं की ओलं. मांगरात दार लावून हेच चालत असणार, आणि मांजराचे कान ते, उंदीर खुडबुडला तरी टवकारणार, म्हणून दोन वर्षं बार फुसकला. आणि ती मनी मी दूध घालून घालून एवढी सुस्त केली होती, की तिच्या कानाजवळ ढोल वाजवला तरी यंदा ती हलणार नव्हती.

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. म्हातारा माझ्यावर रुसला नव्हता! इतकं हलकं मला लग्नाच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

पण सांगायचं कसं? ज्या माणसानं गावापासून ही गोष्ट लपवली, घरातसुद्धा कुणाला उच्चारू दिली नाही, त्याला कालची सून म्हणणार, आबा, तुम्ही बहिरे आहात? बार काढणाऱ्यालाच बार ऐकू येत नाही म्हटल्यावर बाबल परब मान मागायला पालखी निघेपर्यंतही थांबला नसता.

मी उठले. तुळशीमागून मनीला उचललं, आणि सरळ खळ्यात आबांच्या समोर जाऊन मांडी घालून बसले. पदर दातातून सोडला, डोक्यावरून मागं टाकला. मनीला मांडीवर बसवून दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं.

आबा बघतच राहिले. त्यांनी बहुतेक माझं अख्खं तोंड पहिल्यांदाच पाहिलं.

"मने, ह्या चेडवाक काय झाला?" ते म्हणाले.

मी मनीच्या डोक्यानं सुक्यांच्या सुपाकडं खूण केली. आबांनी काही न समजून त्यातलं एक काडतूस उचललं आणि फुंकलं. बुड-बुड. मी मनीचं डोकं डावीकडं, उजवीकडं, डावीकडं फिरवलं. नाही.

आबांचा हात हवेतच थांबला. ते मनीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. वाटलं, आता घमेलं माझ्या डोक्यात घालतात. पण ते काडतूस त्यांनी हळूच ओल्यांच्या सुपात ठेवलं. दुसरं उचललं, फुंकलं. लख्ख शीळ. मी मनीची मान खालीवर केली. होय.

आबांच्या मिशा हलल्या. हसले ते.

मग काय! सगळी काडतुसं पुन्हा एकदा फुंकली गेली. शीळ आली की मनी मान डोलवायची, बुडबुडलं की नकार द्यायची. मधेच तिला कंटाळा आला आणि तिनं माझ्या मनगटावर पंजा ओढला. तरी मी सोडली नाही. शेवटी हिशेब असा झाला, की ओल्यांचं सूप भरलं होतं आणि सुक्यांच्या सुपात दोनचारच काडतुसं पडली होती. आणि सूर्य तर डोक्यावरून कलायला लागला होता.

"मने, आता गे?" आबांचा चेहरा उतरला. "चार घटकांत ही सुकूची नायत."

मी आत धावले आणि देवघरातला कापूस आणला. पायरीवर बसून मांडीवर वाती वळायला लागले, समईला लागतात तशा लांब आणि घट्ट. एक वात आबांपुढं धरली, बुडाच्या भोकाकडं बोट केलं आणि आत घालून ओढायची खूण केली.

"बाईमाणसान काडतुसाक हात लावचो नाय," आबा मनीला म्हणाले.

"मी कुठं लावतेय? वात माझी, हात तुमचा," मी म्हटलं. तोंड उघडं, सावकाश, एकेक शब्द.

ते माझ्या ओठांकडं बघत होते. वाक्य संपलं आणि ते खो खो हसत सुटले. मी या घरात आल्यापासून माझं पहिलं वाक्य त्यांना पोचलं होतं, आणि ते वाक्य म्हणजे उलट उत्तर होतं! आईला कळलं असतं तर तिनं तासगावात डोकं धरलं असतं.

मी वळत गेले, ते ओढत गेले. कोरडी वात भोकातून जायची आणि ओली होऊन निघायची. पुन्हा ऊन, पुन्हा फुंकणं, पुन्हा मनीची साक्ष. तिसऱ्या फेरीला खळ्यात नुसत्या शिळाच शिळा. झाडावरचा एक खरा बुलबुल उत्तर द्यायला लागला. मी वर बोट केलं आणि ओठांनी म्हटलं, "बुलबुल फसला, आबा." आबांनी झाडाकडं पाहिलं आणि मान डोलवली, अगदी मनीसारखी.

काडतुसं फडक्यात बांधून उठताना ते घुटमळले. मनी आता चुलीपाशी निघून गेली होती, बोलायला मांजर नव्हती. त्यांनी आधी तुळशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"गावात सांगू नको," ते म्हणाले. मला म्हणाले, सरळ मला. "आणि तोंडावरचो पदर असोच मागे ठेव. तू काय बोलतस तां माका दिसाक होया."

मी मान हलवली.

देवळाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल, ताशे, खाजं, मालवणी खटखटे लाडू, पिपाण्या. बाबल परब देवळाच्या जोत्यावर नवी बंदूक मांडीवर घेऊन बसला होता, मदतीला तयार असावं म्हणून. आबा चौथऱ्यापाशी एकटे उभे होते, जुनी बंदूक आकाशाकडं धरून. मी बायकांच्या घोळक्यात सासूबाईंशेजारी होते, पदर खांद्यावर. सासूबाईंनी माझ्याकडं दोनदा पाहिलं. त्यांनी मुठी इतक्या घट्ट आवळल्या होत्या, की बांगड्या वाजेनात.

गावकरांनी हात वर केला. ढोल थांबले. पालखीचा दांडा देवळाच्या दारातून बाहेर आला.

"होऊंदे रे लवू," गावकर म्हणाले.

आणि बार झाला! काय बार झाला! देवळाची कौलं थरथरली, वडावरचे सगळे कावळे एकदम उडाले, कडेवरची पोरं भोकाड पसरून रडायला लागली, आणि आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. गाव जे ओरडलं ते बाराहून मोठं. ताशे सुटले, गुलाल उडाला, सासूबाई मला मिठी मारून रडायला लागल्या.

आबा मात्र बंदूक खाली करून गर्दीत कुणालातरी शोधत होते. लोक त्यांच्या पाया पडत होते, गावकर पाठ थोपटत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मी दिसले तशी त्यांची नजर थांबली. आणि तिथून, भर जत्रेत, ढोलाच्या वर आवाज काढून त्यांनी विचारलं,

"सूनबाय, वाजलो?"

ढोल थांबले. ताशेवाल्याच्या काड्या हातातच राहिल्या. मघाशी गावात सांगू नको म्हणणारा माणूस स्वतःच सगळं सांगून बसला होता.

बाबल परब जोत्यावरून उठला. "लवूतात्यानू, अख्ख्या डोंगराक आयकाक इलो. तुमका आयकाक येना नाय?"

आबांनी त्याच्या ओठांकडं नीट बघून घेतलं. मग बंदूक खांद्याला लावली.

"येना नाय," ते म्हणाले. "म्हणान तर सून आणलंय."

आधी गावकरच हसले. "बरोबर आसा. आयकाचा काम गावाचा, बार काढूचा काम लवूचा. वाजवा रे ढोल!" आणि सगळं आवार हसायला लागलं. हसता हसता बाबल परबसुद्धा खाली बसला.

आबा अजून माझ्याकडंच बघत होते. त्यांना उत्तर हवं होतं.

मी वर्षभराचं सगळं घशात गोळा केलं, दोन्ही हात तोंडाशी धरले, मग आठवण होऊन खाली घेतले, आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "वाजला, आबा! वाजला!"

आबांनी कपाळाला आठी घातली.

"आरडतस कित्याक?" ते म्हणाले. "माका दिसता."